सर्फबोर्डला पहिल्यांदा फायबर मारताय? खान्देशातल्या हवेत या चुका टाळा

जळगाव, धुळे, भुसावळकडे फायबरचं काम काही नवीन नाही. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, गाड्यांचे बंपर, सगळं इथल्या शेडमध्ये रोज होतं. त्यामुळे घरी थर्माकोल घासून सर्फबोर्डाचा आकार काढलेला पोरगा पहिला सल्ला विचारतो तो याच कारागिरांना. दुसरा सल्ला तो घेतो समुद्रकाठच्या परदेशी व्हिडिओंतून. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असतात. पण टाकीचं रेझिन (फायबरच्या कापडावर ओतायचा, घट्ट होणारा चिकट द्रव) थर्माकोलवर चालत नाही, आणि व्हिडिओतल्या माणसाच्या शेडमधली हवा आपल्याकडे फक्त हिवाळ्यातल्या दुपारी मिळते. पहिला बोर्ड बिघडतो तो बहुतेक या दोन फरकांमुळे. हाताला सवय नाही ही त्यामानाने छोटी अडचण आहे, ती अर्ध्या बोर्डात सुटते.

टाकीवाल्याचं सामान बोर्डाला नको

शेडमध्ये पिंपात असतं ते पॉलिस्टर रेझिन. ते पातळ राहावं म्हणून त्यात स्टायरीन असतं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि स्टायरीन त्याला विरघळवतं. खात्री करायची असेल तर बोर्डाच्या कापलेल्या तुकड्यावर चमचाभर पॉलिस्टर रेझिन ओता. आधी दाणे चकाकतात, मग एकमेकांत बसतात, आणि थोड्याच वेळात तिथे चिकट खड्डा पडलेला असतो. अख्ख्या बोर्डावर हेच झालं तर आठवड्यांची घासाई वाया जाते.

काही जण तोड काढतात: आधी फेविकॉलचा नाहीतर रंगाचा हात द्यायचा आणि वरून पॉलिस्टर मारायचं. हे करू नका. त्या थरात टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी रेझिन आत उतरतं आणि थर्माकोल आतून पोखरतं. वरून बोर्ड धड दिसतो, दाबला की खाली पोकळ. ऑइल पेंट तर मुळातच नको, त्यातलं थिनरही थर्माकोलला खातं.

मग व्हिडिओत सगळे पॉलिस्टर कसे वापरतात? कारण त्यांचा फोम वेगळा असतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी सर्फबोर्डासाठी पॉलियुरेथेन फोम रुळवला. त्या फोमला पॉलिस्टर काही करत नाही. थर्माकोलचा बोर्ड असेल तर इपॉक्सी, म्हणजे स्टायरीन नसलेलं रेझिनच घ्या. महाग पडतं, पण दुसरा मार्ग नाही.

कापडाचंही तेच. टाकीला लागते ती मॅट, म्हणजे तुटक धाग्यांचा चिकटवलेला गालिचा. त्यातला चिकट पदार्थ स्टायरीनमध्ये विरघळावा असाच बनवलेला असतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही, मॅट ताठच राहते आणि बोर्डाच्या गोल कडेवर बसायला तयार होत नाही. शिवाय ती रेझिन भरमसाठ पिते आणि बोर्ड जड होतो. बोर्डाला विणलेलं पातळ फायबरचं कापड लागतं: चौरस मीटरला साधारण १३५ ग्रॅमचं किंवा २०० ग्रॅमचं. नेहमीची रीत म्हणजे पाय ठेवतो त्या वरच्या बाजूला दोन थर, खालच्या बाजूला एक. दुकानात ग्रॅम सांगूनच मागा. नुसतं ‘फायबरचं कापड’ म्हटलं तर रोव्हिंग, म्हणजे जाड धाग्यांचं विणलेलं कापड, गळ्यात पडतं.

तुम्ही पॉलियुरेथेन फोम मिळवून पॉलिस्टरच वापरणार असाल, तर एक गोष्ट जिवावरची आहे. हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) म्हणून मिळणारं एमईकेपी आणि त्याचा वेग वाढवणारं निळं-जांभळं कोबाल्ट हे दोन्ही कधीही थेट एकत्र ओतू नका. त्याचा भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. बऱ्याच रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं, ते दुकानदाराला विचारून घ्या. एमईकेपी डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडूच नका. तरीही उडालंच तर नळाखाली किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि तसेच दवाखान्यात जा.

ऊन, कूलर आणि थंडी

खान्देशात खरी गफलत इथे होते. डब्यावर लिहिलेला वेळ साधारण २५ अंशांचा असतो. तापमान १० अंशांनी वाढलं की रेझिन घट्ट व्हायचा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. डब्यावर ३० मिनिटं लिहिली असतील तर ३५ अंशांना पंधराच हातात राहतात, आणि मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा जेमतेम सात-आठ. तेवढ्यात सहा फुटी बोर्ड पूर्ण होत नाही. वर मगात साचून राहिलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर येतो, प्लास्टिकचा मग वाकतो. म्हणून हळू चालणारा हार्डनर घ्या, थोडं थोडं कालवा, आणि कालवलं की मगात न ठेवता लगेच बोर्डावर ओतून पसरवा. पातळ थरात ते तापत नाही आणि जास्त वेळ मिळतो.

उकाडा कमी करायला कूलर लावणं ही इथली खास चूक. आपला कूलर हवा थंड करतो ती पाण्याने, आणि इपॉक्सीला ओलसर हवा चालत नाही. हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून वर मेणचट, चिकट थर आणतो. त्यावर पुढचा हात मारला तर तो धरत नाही, काही दिवसांनी पापुद्रे निघतात. असा थर आलाच तर पॉलिश पेपर मारू नका, त्याने तो आणखी पसरतो. आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुवा, स्वच्छ फडक्याने पुसा, वाळू द्या, मग घासा. पावसाळ्यातही हेच होतं, म्हणून आषाढ-श्रावणात फायबर मारायला घेऊच नका. आकार काढायचं काम तेवढ्यात उरकता येतं.

सकाळी लवकर सुरुवात करायची, ही आपली शेतातल्या कामाची सवय इथे उलटते. थर्माकोलच्या दाण्यांच्या मध्ये हवा असते. सकाळी गार असलेला बोर्ड दुपारपर्यंत तापतो, आतली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे होऊन वर येते. हिवाळ्यात आपल्याकडे पहाट आणि दुपार यांत १५-२० अंशांचा फरक सहज पडतो, त्यामुळे हा त्रास जास्तच. तापमान उतरत असताना काम करा. बोर्ड दुपारभर त्याच खोलीत सावलीत राहू द्या आणि चार-पाचच्या सुमारास कापडावर रेझिन ओता. बोर्ड निवत जातो तशी आतली हवा आकसते आणि रेझिनला बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढते. बोर्ड उन्हात ठेवून मग आत आणणं, किंवा लवकर वाळावं म्हणून ओला बोर्ड उन्हात नेणं, दोन्ही नको.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस यासाठी सगळ्यात चांगले. फक्त डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० च्या आसपास गेला की इपॉक्सीचं काम जवळजवळ थांबतं. सकाळी बोर्ड रबरासारखा मऊ लागला तर घाबरून हार्डनर चोळत बसू नका. खोली दुपारी तापली की ते पुढे सरकतं. त्याच दिवसांत कापूसही निघत असतो. जिनिंगजवळ किंवा कापूस साठवलेल्या घरात काम करणार असाल तर दारं बंद ठेवा, तंतू ओल्या रेझिनवर बसला की घासूनच काढावा लागतो. छताचा पंखा बंद. ट्यूबलाइट बोर्डाच्या थेट वर न लावता लांब भिंतीवर लावा, चिलटं तिकडे जातात.

माप

पॉलिस्टरमध्ये हार्डनर थोडा कमी-जास्त केला तर रेझिन हळू किंवा लवकर घट्ट होतं. तो १ ते २ टक्क्यांच्या आत ठेवायचा, उन्हाळ्यात १ च्या जवळ. हीच युक्ती लोक इपॉक्सीला लावतात, आणि तिथे ती चालत नाही. इपॉक्सीत हार्डनर जास्त घातला तर ते लवकर वाळत नाही, कायमचं मऊ राहतं. डब्यावरचं माप वजनाचं आहे की आकारमानाचं, तेही बघा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे मापाने २ ला १ आणि वजनाने २ ला १ हे एक नव्हे. किचनचा डिजिटल काटा घ्या. दोन-तीन मिनिटं ढवळा आणि मगाच्या कडा, तळ खरवडून घ्या. तिथे चिकटून राहिलेलं न मिसळलेलं रेझिन शेवटी बोर्डावर ओतलं जातं आणि नेमका तेवढाच पट्टा आठवडाभराने चिकट असतो.

कापड बसवताना

दाण्यांमधल्या फटी आधी बुजवा. भिंतीची पुट्टी वापरू नका, फायबर पुट्टीला धरेल आणि पुट्टी थर्माकोलला सोडेल. इपॉक्सीत मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी पूड) कालवून दह्याएवढं घट्ट करा आणि पट्टीने पातळ ओढा.

कापड कोरडंच पसरून, कडेखाली दोन इंच उतरेल असं कापा. टोकाला आणि शेपटीला वक्रावर चुण्या पडतात, तिथे आधीच त्रिकोणी काप द्या. रेझिन बोर्डाच्या मधोमध ओता आणि हातातल्या पट्टीने मधून कडेकडे ओढा. पट्टी किती दाबायची हे डोळ्याने कळतं: कापड पारदर्शक झालं आणि विणीची जाळी वर दिसतेय, तर बरोबर. जाळी बुडून वर काच दिसतेय, तर रेझिन जास्त आहे, कापड त्यावर तरंगतंय. पांढरे ठिपके दिसताहेत, तर तिथे कोरडं आहे किंवा तुम्ही पट्टी फार दाबून रेझिन काढून घेतलंय. पहिल्यांदा काम करणारा वीण बुडेपर्यंत ओततो, कारण गुळगुळीत दिसतं. गुळगुळीतपणा पुढच्या हाताने येतो. पहिल्या हाताचं काम कापड आणि फोम जोडण्याचं.

तो पुढचा हात पहिला थर नखाने दबतो पण बोटाला लागत नाही अशा वेळी मारला तर घट्ट धरतो. वेळ गेली तर पूर्ण वाळू द्या, धुवा, ८० नंबरच्या पेपरने खरडा, मग मारा.

घासताना

पॉलिश पेपर रेझिनने गचपत असेल तर ते अजून कच्चं आहे, एक दिवस थांबा. कच्च्या इपॉक्सीची धूळ अंगाला फार वाईट. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, मग हे काम सोडावं लागतं. नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या आणि एन-९५ मास्क उकाड्यातही काढू नका. मोज्यांत घाम साचला की बदला. पॉलिस्टरच्या वाफेला मात्र एन-९५ किंवा तोंडावरचा रुमाल काही उपयोगाचा नाही, त्याला वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क लागतो. हाताला लागलेलं इपॉक्सी थिनरने पुसलं तर ते कातडीत आणखी मुरतं. कोरड्या फडक्याने टिपा आणि साबणाने धुवा.

८० पासून सुरू करून १२०, २२०, मग पाण्यात ३२० आणि ४०० चा वॉटर पेपर. कडेवर हलक्या हाताने, कारण ग्राइंडर तिथेच सगळ्यात आधी कापडापर्यंत पोचतो. घासताना वीण दिसायला लागली की तिथलं थांबवा. धागे कापले गेले म्हणजे ताकद गेली, वरून रेझिन ओतून ती परत येत नाही. तिथे कापडाचा छोटा तुकडाच लावावा लागतो.

बिघडलंच तर

रुपयाएवढा बुडबुडा राहिला असेल तर त्याच्या दोन टोकांना बारीक भोकं पाडा. इंजेक्शनच्या सिरिंजने एका भोकातून रेझिन भरा, दुसऱ्यातून हवा निघू द्या, वर प्लास्टिक टाकून वजन ठेवा. तळहाताएवढा असेल तर कापूनच काढा आणि आजूबाजूला दोन इंच पुढे जाईल असा तुकडा बसवा. चिकट पट्टा राहिला तर त्यावर नवीन थर मारून झाकू नका, तो खाली तसाच राहतो. खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (ॲसिटोन थर्माकोलला खातं) आणि पुन्हा करा. पॉलिस्टरचा पहिला थर मात्र वरून थोडा चिकट राहणारच, हवा लागल्याने ते होतं. मेण घातलेल्या शेवटच्या हाताने तो सुकतो.

आठवडाभर मुरल्यावर शेतातल्या हौदात बोर्ड हाताने दाबून पूर्ण बुडवा आणि बघत राहा. एकाच जागेहून बुडबुड्यांची ओळ येत असेल तर तिथे भोक आहे. पेन्सिलने खूण करा, भोक खाली येईल असा बोर्ड दोन-तीन दिवस सावलीत वाळवा, मग बुजवा. शेततळ्यात ही चाचणी करू नका, त्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला तर वर येणं कठीण होतं.

शेवटी प्रवास. इथून कोकणचा किनारा गाठायला अख्खा दिवस जातो आणि बोर्ड तेवढा वेळ गाडीच्या टपावर असतो. खोलीच्या तापमानात वाळवलेलं इपॉक्सी ५०-६० अंशांतच मऊ पडू लागतं, थर्माकोल ८० च्या आसपास. उन्हातला पत्रा आणि काचा लावलेली गाडी यांतली पहिली हद्द सहज गाठतात, आणि मग फायबर फोमपासून सुटतं. बोर्डाखाली जाड फोम ठेवा, वरून पांढरी चादर गुंडाळा, घाट उतरण्याचं काम रात्री किंवा पहाटे करा. जेवायला थांबलात तर गाडी झाडाखाली लावा, सावली नसेल तर बोर्ड उतरवून धाब्याच्या पडवीत उभा करा.