नळदुर्गच्या वाटेवर काटा आणि कडक भाकरी

सोलापूर ते नळदुर्ग सायकलने साधारण ५० किलोमीटर. जाऊन-येऊन शंभरी भरते (किलोमीटरची, पापांची नव्हे). डिसेंबर-जानेवारीत दुतर्फा शाळू डोलत असतो, एखाद्या शेतात हुरड्याची आगटी पेटलेली दिसते. दहा-बाराजणांनी मिळून जायला हाच हंगाम.

इथला खरा शत्रू चढ नाही, बाभळीचा काटा. फोटोसाठी सायकल बांधावर घातली की पंक्चर ठरलेलं, म्हणून ती डांबरावरच सोडून चालत जा. पंक्चर झालंच, तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काट्याचं टोक रबरातच अडकून राहतं आणि दहा मिनिटांत दुसरी ट्यूबही पंक्चर होते. बोट फिरवू नका, मी एकदा फिरवलंय! प्रत्येकाने आपल्या मापाची ट्यूब स्वतःजवळ ठेवावी. गटात चाकांची मापं आणि व्हॉल्व्ह (हवा भरायची नळी, कुणाची जाड, कुणाची बारीक) वेगवेगळे असतात, उसनवारी चालत नाही. पंप मात्र दोन्ही व्हॉल्व्हना चालणारा घ्या.

हा पंप सगळ्यात शेवटी सायकल चालवणाऱ्या गड्याकडे द्या. तो पक्का हवा, हौशी नको. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. हायवेवर गप्पा बंद, एकामागे एक.

खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी. दिवसभर खराब होत नाही. फक्त भाकरी डब्यातच न्या, नाहीतर पाठपिशवीत तिचा चुरा होतो. पाण्यात मीठ, साखर, लिंबू.