विसार देण्याआधी: टोटल लॉसची गाडी ओळखताना

जुनी गाडी विकत घ्यायची असेल, तर ती बघायला निघण्याच्या आदल्या दिवशीच मालकाकडून दोन वर्षांच्या विमा पॉलिसीच्या प्रती मागवून घ्या. आधी त्यातली आयडीव्ही, म्हणजे विम्याच्या हिशेबातली गाडीची किंमत, बघा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. आयडीव्ही ४ लाख असेल तर ३ लाखांच्या वरचा खर्च झाला की संपलं. मालकाला पैसे मिळतात, गाडी मात्र नेहमीच मोडीत जात नाही. लिलावात घेतलेली गाडी कुणीतरी ठोकूनठाकून उभी करतो आणि ती फिरत फिरत आपल्या दारात येते. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, रद्द झालेली नसेल, तर त्यावर टोटल लॉसचा शिक्का दिसत नाही. म्हणून पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वाचा. "पाच वर्षांत एकही क्लेम नाही" म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर कारण विचारा. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे; त्यामुळे मालक नुकताच बदलला असला तरीही तो शून्य दिसू शकतो. मग आरसीवर मालक कितवा आहे ते बघा. पॉलिसी नंबरावरून क्लेमची चौकशी करायला मालकाला स्वतः कंपनीला फोन लावायला सांगा, तोही तुमच्यासमोर.

सांगलीत गाडी घेताना पुराची शंका मनातून काढूच नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी वस्तीत शिरलं होतं. नंबर एमएच १० असो, एमएच ११ असो की लांबचा, पाहणी तीच. माझ्या मेव्हण्याने घेतलेली गाडी दिसायला चकाचक होती, आत अत्तराचा घमघमाट. तीन महिन्यांनी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर पट्ट्याच्या तळाशी वाळलेल्या गाळाची बारीक तपकिरी रेघ. तोवर वायरिंग गंजून गाडी दोनदा रस्त्यात बंद पडली होती. म्हणून दिवसाउजेडी जा, बेल्ट पूर्ण ओढा, स्टेपनीखालचा खड्डा हाताने चाचपा, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, मॅट उचलून वास घ्या. घरात लेकरंबाळं बसणार आहेत, लाजू नका.

अपघाताच्या खुणांसाठी स्वतःचा मेकॅनिक न्या. विकणाऱ्याने सुचवलेला नको. गाडी रॅम्पवर चढवून चेसिसवरचं वेल्डिंग त्याला बघू द्या. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल, तर कुणीतरी तो काढून ठेवला असण्याची शक्यता आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदीही मागा.

हे सगळं जुळलं तरच विसार द्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, गाडीवर कर्ज असेल तर आरसीवरचा बोजा उतरवायला बँकेचा फॉर्म ३५ घ्या. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर उद्या आपल्याच नुकसानीचा क्लेम अडकतो.