थंडीत गोबरगॅसला खरकटं घालताना जपून

डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी येतो, शेगडी पूर्वीसारखी पेटत नाही. अशा वेळी लोक टाकीत शेण वाढवतात. मंगल कार्यालयातून लग्नाचं उरलेलं अन्न मिळत असेल, तर तेही घमेल्यांनी ओततात. तसं कृपया करू नका. गॅस तयार करणाऱ्या जीवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. टाकी गार झाली की त्यांचं काम मंदावतं, पण आम्ल तयार करणारे जीवाणू त्यामानाने लवकर सावरतात. जास्तीचं अन्न आंबतं आणि सगळी टाकी आंबट होते. दाब दिसतो, पण काडी लावली तर ज्योत धरत नाही, कारण आतला बराचसा वायू कार्बन डायऑक्साइड असतो.

आधी ऊब राखा. शेण पहाटे न कालवता दुपारी कालवा आणि त्यासाठी उन्हात तापलेलं पाणी वापरा. शेणाइतकंच पाणी पुरे. टाकीच्या घुमटावरच्या मातीवर पाचट किंवा भुसकटाचा जाड थर द्या. घुमटाऐवजी गॅस साठवणारा लोखंडी ढोल असेल तर रात्री गोणपाटानं झाका.

खरकटं वाईट नाही, उलट शिळा भात, भाकरी, भाजीचे देठ यांतून किलोमागे शेणापेक्षा कितीतरी जास्त गॅस मिळतो. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती संयंत्र याच तत्त्वावर उभं केलं. पण दोन घनमीटरच्या शेणाच्या टाकीला रोज साधारण ५० किलो शेण लागतं. तिथे सुरुवात एक किलो खरकट्यानेच करा. ते बारीक करून शेणात मिसळा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चार-पाच किलोंपर्यंत न्या. लिंबू-संत्र्याची सालं, तेलाचा गाळ, प्लास्टिकचा थर असलेले द्रोण वेगळे काढा. टाकी आंबलीच तर खरकटं बंद करून आठवडाभर थोडं थोडं ताजं शेणच घाला.

ज्योत फडफडत असेल तर आधी नळी पाहा. थंडीत नळीत पाणी साचतं. सर्वांत खालच्या जागेची तोटी उघडून ते काढून टाका. गळती साबणाच्या फेसानेच तपासा, काडीने कधीच नाही. टाकी रिकामी दिसली तरी आत कुणी उतरू नये. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही परत येत नाही.

टाकीतून बाहेर पडणाऱ्या स्लरीकडे, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेल्या पातळ शेणाकडे मात्र फार दुर्लक्ष होतं, याचं वाईट वाटतं. ती उन्हात वाळवली की तिच्यातलं नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातं. गव्हाला-कांद्याला पाटाच्या पाण्याबरोबर ताजीच सोडा. ठिबकला मात्र नको, तोट्या तुंबतात. उरलेली स्लरी सोयाबीनचं भुसकट, तुरीचा पाला आणि जास्तीचं खरकटं यांच्या थरांवर शिंपडून ढीग रचा. मूठ दाबल्यावर बोटांच्या फटीत ओल यावी, पाणी गळू नये. ढीग निदान कंबरेइतका उंच असू द्या, लहान ढीग थंडीत तापत नाही. मधोमध लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळाने काढा. हाताला चटका बसला तर कुजणं नीट चाललंय. गार लागली तर ढीग उलथा, कोरडा असेल तर स्लरी शिंपडा आणि वरून पाचटाने झाका. या ढिगाचं खत मे महिन्यात खरिपाच्या मशागतीला हाताशी येईल.