काकडीचं पान उलटून बघा: वेलावरचे रोग कसे ओळखावे आणि कसे टाळावे

काकडीचा वेल मांडवावर चढतो, पिवळी फुलं लागतात आणि एका सकाळी पानांवर डाग दिसतात. घाबरून लगेच औषधाच्या दुकानात जाऊ नका. घरची काकडी आपण कच्ची, बऱ्याचदा सालीसकट खातो. रोग कुठला हे कळल्याशिवाय तिच्यावर काहीही फवारू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि तो ओळखणं अवघड नाही. सकाळची दहा मिनिटं काढा, पान उलटून बघायची सवय लावा.

१. दव वाळायच्या आत पान उलटा

पानाच्या वरच्या बाजूला पिवळे ठिपके आहेत आणि ते शिरांना अडून कोनाकोनाचे झालेत? मग खालची बाजू बघा. तिथे करडी-जांभळट लव दिसली, तर तो केवडा. ऊन चढलं की ही लव नीट दिसत नाही, म्हणून सकाळीच बघायचं. सुरुवात बहुधा बुडाजवळच्या जुन्या पानांपासून होते. पुढे ठिपके तपकिरी होतात आणि पान करपून वाळतं.

डाग पांढरे, गोलसर, पीठ भुरभुरल्यासारखे असतील आणि बोटाने पुसले जात असतील, तर ती भुरी.

हे दोन रोग ओळखताना सगळ्यात जास्त गल्लत होते. नवखा माणूस दोन्हींना 'बुरशी' म्हणतो आणि एकच औषध मारतो. पण दोघांचा स्वभाव उलटा आहे. केवड्याच्या बीजाणूला रुजायला पानावर पाण्याचा थर लागतो. म्हणून तो श्रावणातल्या रिपरिपीत, धुक्यात, दवात फोफावतो. भुरीला ओलं पान लागत नाही. ती पाऊस नसलेल्या दिवसांत, दाट आणि सावलीतल्या वेलावर पसरते. गंधकाने भुरी आटोक्यात येते, केवड्यावर त्याचा उपयोग नाही. शिवाय काकडीवर्गातली पानं नाजूक असतात. पारा ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारलं, तर पानं भाजू शकतात.

२. मग शेंड्याकडे बघा

कोवळी पानं चुरगळलेली, हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची, वेल खुरटलेला आणि फळांवर फोड, ही विषाणूची लक्षणं. याला आपण मोझॅक म्हणतो आणि याच्यावर औषध नाही. मावा आणि पांढरी माशी हे पानांचा रस शोषणारे बारीक किडे असे विषाणू एका वेलावरून दुसऱ्यावर नेतात. जीव कितीही तुटला तरी असा वेल मुळासकट उपटा आणि बागेबाहेर टाका. नंतर हात आणि कात्री साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या वेलाला हात लावू नका, कारण काही विषाणू रसातूनही पसरतात.

३. वेल मलूल पडला असेल तर

दुपारी माना टाकून संध्याकाळी सावरला, तर तो उन्हाचा ताण आहे. माती ओली असूनही दुसऱ्या सकाळी तसाच असेल, तर बुडाजवळ खोड उभं चिरून बघा. आत तपकिरी रेषा दिसल्या तर मर रोगाची शक्यता मोठी. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक अळ्या. दोन्हींत तो वेल वाचवायच्या मागे लागू नका, मातीकडे लक्ष द्या. त्या जागी दोन-तीन वर्षं काकडी, दुधी, दोडका, कारलं काहीच लावू नका. कुंडी असेल तर माती बदला. सूत्रकृमी असतील तिथे एक हंगाम झेंडू लावा.

४. रोग नाही ते रोग समजू नका

पहिली फुलं गळतात कारण ती नर असतात. वाकडी, एका टोकाला बारीक फळं बहुधा परागीभवन कमी झाल्याने येतात. कडू काकडीमागे बऱ्याचदा पाण्याचा ताण असतो. कोवळ्या फळाला टोचल्याची खूण असेल आणि ते सडत असेल, तर ती फळमाशी. तिच्यासाठी क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माशीला वासाने ओढणाऱ्या आमिषाचा सापळा लावा. आंब्यासाठी मिळतो तो मिथाईल युजेनॉलचा सापळा या माशीला ओढत नाही.

५. रोग येऊच नये म्हणून

वेल जमिनीवर लोळू देऊ नका. मांडव, जाळी, गच्चीचा कठडा, काहीही चालेल, पण वारा आरपार गेला पाहिजे. १५-२० लिटरच्या कुंडीत एकच वेल ठेवा. मोह आवरत नाही हे मला माहीत आहे, पण दोन वेल एकमेकांत गुंतले की पानं वाळतच नाहीत. वेल वाढला की बुडाजवळची जुनी चार-पाच पानं काढून टाका. पाणी सकाळी आणि बुडाशीच घाला. संध्याकाळी पाइपने पानांवर मारलेलं पाणी म्हणजे केवड्याला आमंत्रण. बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन केलं, की पावसाचे थेंब मातीचे शिंतोडे पानांवर उडवत नाहीत. लावणीच्या वेळी शेणखतात ट्रायकोडर्मा (मातीतल्या रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळा. माव्यासाठी पिवळे चिकट सापळे टांगा.

६. तरीही डाग दिसले तर

रोगट पानं कोरड्या वेळी कापा, पिशवीत बंद करून टाका. कंपोस्टमध्ये घालू नका. भुरी नुकतीच दिसली असेल तर १ भाग दूध आणि ९ भाग पाणी आठवड्यातून एकदा, उन्हाच्या वेळी, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. मावा आणि पांढरी माशी असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून फवारा, मात्र हे संध्याकाळीच. नाहीतर उन्हात पानं भाजतात आणि फुलांवर आलेल्या मधमाश्यांनाही त्रास होतो.

केवड्यावर मला घरगुती उपायांचा भरवसा वाटत नाही. पानं काढा, वारा मोकळा करा. निम्म्याहून जास्त वेल करपला असेल तर तो काढून टाका आणि दुसऱ्या कुंडीत नवं बी टोका. काकडी दीड-दोन महिन्यांत फळाला येते.