पीएलसीचं सॉफ्टवेअर दोन-तीन लॅपटॉपवर वापरताय? लायसन्स आणि अपडेटच्या या चुका टाळा

दिवाळी झाली की आपल्या खान्देशात जिनिंगा (कापसातून सरकी काढणारे कारखाने) फुल चालू होतात आणि नेमकं तेव्हाच आमच्यासारख्या पीएलसीवाल्यांचे (पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) फोन रात्री वाजायला लागतात. दोन वर्षांपूर्वी दोंडाईच्याकडच्या एका जिनिंगवरून असाच रात्री फोन आला, "भाऊ, मशीन बंद पडी गयं, लवकर या." गेलो, केबल लावली, सॉफ्टवेअर उघडलं तर लायसन्स नाही असा मेसेज. त्याच आठवड्यात लॅपटॉप स्लो झाला म्हणून दुकानात देऊन फॉरमॅट करून आणला होता, सॉफ्टवेअर परत टाकलं होतं, पण लायसन्स आधी काढून ठेवायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरची लाईन, गाठी बांधणारी माणसं बसून, आणि बिघाड फक्त एका सेन्सरचा होता. चूक पूर्ण माझी होती, म्हणून जळगाव-धुळे-नंदुरबारकडे जे कोणी हे काम करतात त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक हीच, लायसन्स न काढता फॉरमॅट करणं. सीमेन्स कंपनीच्या पीएलसी सॉफ्टवेअरची लायसन्स की डिस्कवरच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असते, ती साधी फाईल समजून कॉपी-पेस्ट करायला गेलात तर चालत नाही. सीमेन्सचंच ऑटोमेशन लायसन्स मॅनेजर उघडायचं आणि त्यातूनच की पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर ट्रान्सफर करायची. ट्रान्सफर म्हणजे ती इथून जाते आणि तिथे येते, दोन्हीकडे राहत नाही. बरेच जण म्हणतात आमच्याकडे पूर्ण डिस्कचा बॅकअप आहे, पण त्या बॅकअपमधून विंडोज आणि सॉफ्टवेअर परत येतं, लायसन्स परत येईल या भरवशावर राहू नका. आणि विकत घेताना मिळालेला लायसन्सचा सर्टिफिकेट कागद, बिल, दोन्हीचा फोटो काढून ठेवा, की हरवली तर सपोर्टवाले पहिला तोच मागतात.

रॉकवेल कंपनीचे पीएलसी वापरणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे अॅक्टिव्हेशन (लायसन्स चालू करणं) होस्ट आयडीला बांधलेलं असतं, म्हणजे लॅन कार्डचा मॅक अॅड्रेस (कार्डचा स्वतःचा नंबर), हार्डडिस्कचा सिरीयल नंबर किंवा डोंगल (यूएसबीत लावायची लायसन्सची चावी). आता होतं काय, नवीन लॅपटॉपला लॅन पोर्टच नसतो, म्हणून आपण यूएसबीवालं लॅन अॅडाप्टर घेतो, आणि अॅक्टिव्हेशन करताना यादीत त्याचाच मॅक दिसतो म्हणून त्यालाच बांधून टाकतो. मग ते छोटंसं अॅडाप्टर कुठल्यातरी दाल मिलच्या पॅनलमध्ये राहून जातं आणि लायसन्सही तिथंच राहतं. डिस्कला नाहीतर डोंगलला बांधा. लॅपटॉप बदलायचा असेल तर जुना चालू असतानाच नेट लावून त्यावरून रीहोस्ट करा, म्हणजे अॅक्टिव्हेशन कंपनीकडे परत देऊन टाका, जुना बंद पडल्यावर सपोर्टच्या मागे लागावं लागतं आणि त्यात दिवस जातात.

ऑफिसात एकच फ्लोटिंग लायसन्स (सगळ्यांत मिळून, एका वेळी एकानेच वापरायचं) आणि तीन माणसं, असं बऱ्याच ठिकाणी आहे, आणि ते चांगलंच आहे. पण फ्लोटिंग म्हणजे नेटवर्कवर असताना. साईटला निघायच्या आधी ते आपल्या लॅपटॉपवर घ्यावं लागतं, आणि जिथे बॉरो करायची, म्हणजे काही दिवस उसनं घ्यायची सोय आहे तिथे परत करायची तारीखही टाकावी लागते, ती तारीख गेली की साईटवरच सॉफ्टवेअर बंद. काम दोन दिवसांचं असेल तर आठ दिवसांचं घ्या. ट्रायलच्या भरवशावर जाणारेही आहेत, सीमेन्सच्या टिया पोर्टल सॉफ्टवेअरचं ट्रायल २१ दिवसांचं असतं, ते कमिशनिंगच्या (मशीन पहिल्यांदा चालू करून देण्याच्या) मध्येच संपतं. आणि कोणी सांगितलं की लॅपटॉपची तारीख मागे कर तर करू नका. जुन्या लॅपटॉपचा छोटा सेल संपला की तारीख आपोआप मागे जाते आणि मुदतीचं लायसन्स त्यानेही बिघडतं, म्हणून अचानक लायसन्स एरर आला तर पहिले घड्याळ बघा.

आता व्हर्जन. यात माणसं जास्त फसतात, कारण एरर लगेच येत नाही. समजा प्रोजेक्ट टियाच्या व्ही१६ मध्ये आहे आणि तुमच्या लॅपटॉपवर व्ही१८. उघडताना ते विचारतं अपग्रेड करू का, आपण हो म्हणतो, ते नवीन कॉपी बनवतं, जुनी तशीच राहते. तुम्ही नव्या कॉपीत टायमर बदलले, मशीनला डाउनलोड केले, घरी आलात. पंधरा दिवसांनी तुमचा जोडीदार व्ही१६ चा लॅपटॉप घेऊन जातो, त्याला तुमची फाईल उघडत नाही, पीएलसीतून अपलोडही होत नाही, मग तो आपल्याकडची जुनी फाईल डाउनलोड करतो आणि तुमचं सगळं काम पुसलं जातं. व्ही१८ मधून परत व्ही१६ मध्ये यायचा रस्ता नाही. म्हणून उघडायच्या आधी फाईलचं शेपूट (नावाच्या शेवटची अक्षरं) बघा, एपी१६ आहे का एपी१८, आणि ज्या व्हर्जनची फाईल आहे त्याच व्हर्जनमध्ये काम करा, एका लॅपटॉपवर दोन-तीन व्हर्जन शेजारी शेजारी बसतात. रॉकवेलच्या स्टुडिओ ५००० मध्ये तर कंट्रोलरच्या फर्मवेअरचं (पीएलसीच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) मेजर व्हर्जन आणि सॉफ्टवेअरचं व्हर्जन जुळल्याशिवाय ऑनलाईनच होता येत नाही, त्यामुळे "फर्मवेअर अपडेट करून टाकू" असं सीझनमध्ये कोणी म्हटलं तर आधी सगळ्यांच्या लॅपटॉपवर काय आहे ते विचारा.

जागा असेल तर प्रत्येक व्हर्जनसाठी वेगळी व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच चालणारा दुसरा कॉम्प्युटर) करा. त्यासाठीचं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठी फुकट आहे. पण मशीन कॉपी केली म्हणून लायसन्स दोन होत नाही, आणि स्नॅपशॉटवर, म्हणजे मशीनच्या जपून ठेवलेल्या जुन्या अवस्थेवर मागे जायच्या आधी की बाहेर काढून ठेवा.

विंडोज अपडेटचा त्रास केबलवर जास्त निघतो. स्वस्तातली यूएसबी टू सिरीयल केबल, आत प्रॉलिफिक कंपनीची जुनी किंवा नकली चिप, काल चालत होती आणि अपडेटनंतर आज पिवळं चिन्ह, कारण नवा ड्रायव्हर त्या चिपला सपोर्टच करत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन अपडेट ड्रायव्हर, मग कॉम्प्युटरवरच्या यादीतून निवडा, आणि जुना ड्रायव्हर घ्या, बहुतेक वेळा लगेच चालते. २०१४ मध्ये एफटीडीआय या दुसऱ्या चिप कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिप बंद पाडल्या होत्या, तेव्हापासून मी केबलमध्ये पैसे वाचवत नाही. साईटवर मोबाईलचं हॉटस्पॉट लावता तेव्हा ते विंडोजमध्ये मीटर्ड (मोजून डेटा वापरायचं कनेक्शन) करा, नाहीतर तिथंच अपडेट उतरायला लागतं. सीझन चालू असताना अपडेट पॉज करता येतं, ५ आठवड्यांपर्यंत. नंतर करा, जरूर करा, पण सगळे लॅपटॉप एकाच दिवशी करू नका. एकावर करा, मशीनला जोडून बघा, मग दुसरा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून घाईत ११ वर जाणाऱ्यांनी तर हे नक्की पाळा, आणि आपलं व्हर्जन ११ वर चालतं का ते आधी कंपनीच्या यादीत बघा.

क्रॅकबद्दल, म्हणजे लायसन्स तोडून चालवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल स्पष्ट बोलतो. पेनड्राइव्हवरून फिरणारं क्रॅक टाकताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि तोच लॅपटॉप आपण लोकांच्या चालू मशीनला जोडतो. २०१० मध्ये सापडलेला स्टक्सनेट व्हायरस पेनड्राइव्हवरूनही पसरत होता आणि सीमेन्सच्या स्टेप ७ या पीएलसी सॉफ्टवेअरमध्ये घुसत होता. बजेट नसेल तर छोट्या मशीनला डेल्टाचा पीएलसी लावा, त्याचं आयएसपीसॉफ्ट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कोडेसिसवर चालणारे पीएलसीही आहेत, ते सॉफ्टवेअरही फुकट.

त्या रात्रीनंतर आम्ही प्रत्येक पॅनलच्या दाराला आतून एक कागद लावतो. पीएलसीचा मॉडेल नंबर, फर्मवेअर, सॉफ्टवेअरचं व्हर्जन अपडेट नंबरसकट, शेवटचा बदल कोणी आणि कोणत्या तारखेला केला, फाईल कोणाच्या लॅपटॉपवर आहे, केबल कोणती लागते. प्लास्टिकमध्ये घालून लावा, जिनिंगमध्ये रुईची धूळ फार बसते, साधा कागद दोन महिन्यांत वाचता येत नाही.