महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी साहित्य आणि चित्रे देताना या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापुरातल्या अनेक महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर वार्षिक नियतकालिकासाठी साहित्य मागवणारी सूचना लागते. कथा, कविता, ललित लेख, मुलाखत, चित्र, रेखाटन, छायाचित्र असे सगळे मागवलेले असते आणि मुदत संपेपर्यंत संपादक मंडळाच्या टेबलावर कागदांचा ढीग साचतो. शिवाजी विद्यापीठ आपल्या संलग्न महाविद्यालयांच्या नियतकालिकांची स्पर्धा घेते, त्यामुळे हा अंक महाविद्यालयाच्या कपाटातच राहत नाही. बाहेरचे परीक्षकही तो बारकाईने वाचतात. अशा अंकाच्या मराठी विभागाचे आणि पुढे संपूर्ण अंकाचे काम पाहताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. परत जाणाऱ्या साहित्यापैकी बराच भाग प्रतिभा कमी पडल्यामुळे परत जात नाही, तर लेखन हातावेगळे झाल्यापासून ते संपादकाच्या हाती पडेपर्यंत जे काम करायचे असते ते कोणी केलेलेच नसते म्हणून परत जातो. तेच ते दरवर्षी तोंडी सांगून झाले आहे, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे.

दुसऱ्याची कविता आपल्या नावावर

ही चूक मी सर्वांत आधी घेतो, कारण बाकीच्या चुका दुरुस्त करता येतात आणि ही येत नाही. एका वर्षी आमच्याकडे वडिलांवरच्या दोन कविता आल्या. एक बी. ए. भाग २ मधल्या विद्यार्थ्याची होती आणि दुसरी बी. कॉम. भाग १ मधल्या विद्यार्थिनीची. दोघांची ओळखही नव्हती. दोन्ही कविता ओळीला ओळ सारख्या होत्या आणि तिसऱ्या कडव्यात दोन्हीकडे ‘आयुष्य’ हा शब्द दीर्घ यू घालून ‘आयूष्य’ असाच लिहिलेला होता. विद्यार्थिनीने सगळीकडे ‘बाबा’ काढून ‘आबा’ केले होते, पण शेवटच्या ओळीतले ‘बाबांच्या’ तसेच राहून गेले होते. संपादक मंडळातल्या एका मुलाला ती कविता कुठेतरी वाचल्यासारखी वाटत होती, म्हणून तो ग्रंथालयात शोधत बसला आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कवीच्या संग्रहात त्याला ती सापडली. मूळ कवितेत ‘आयुष्य’ अर्थातच बरोबर लिहिलेले होते. व्हॉट्सॲपवर फिरता फिरता कवीचे नाव गळून पडले होते आणि ती चूक मात्र चिकटली होती. विद्यार्थ्याला बोलावून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, ग्रुपवर आलेली. खाली कुणाचंच नाव नव्हतं, मग म्हटलं चालतंय.”

चालत नाही. खाली नाव नाही याचा अर्थ कवी नाही असा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून पुढची साठ वर्षे त्याच्या लेखनावरचे हक्क कायम राहतात. कोल्हापुरात राहून लिहिणाऱ्या वि. स. खांडेकरांचे निधन १९७६ मध्ये झाले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचे हक्क २०३६ अखेरपर्यंत आहेत. पुस्तकाच्या परीक्षणात दोन-चार ओळी लेखकाच्या नावासह उद्धृत करणे योग्यच आहे, परंतु पूर्ण कविता छापायची तर केवळ खाली नाव देऊन भागत नाही, परवानगी लागते. अनुवादालाही हाच नियम लागू आहे. मूळ लेखकाचे नाव, मूळ भाषा आणि परवानगीचे पत्र यांशिवाय आलेला अनुवाद मी बाजूला ठेवतो, तो कितीही चांगला असला तरी. एका महाविद्यालयाच्या अंकात अशी उसनी कविता छापली गेली, मूळ कवीचे पत्र आले आणि पुढच्या अंकात दिलगिरी छापावी लागली. ज्या मुलाच्या नावावर ती होती, त्याने त्यानंतर स्वतःचे म्हणून काही लिहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मला सर्वांत जास्त वाईट त्याचे वाटते.

हल्ली यात चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेल्या कवितांची भर पडली आहे. त्या एकमेकींसारख्या असतात, त्यांत ‘स्वप्नांचे पंख’ आणि ‘आशेचा किरण’ ठरलेल्या जागी येतात, आणि त्या दिल्यामुळे विद्यार्थ्याच्या पदरात काहीच पडत नाही. माझी सवय अशी आहे की कवितेबद्दल शंका आली तर मी कवीला समोर बसवून एखादा शब्द निवडतो आणि तोच का वापरला ते विचारतो. ज्याने स्वतः लिहिले आहे तो अडखळत का होईना, पण बोलू लागतो, आणि कधी कधी आधी कोणता शब्द होता तेही सांगतो. म्हणून कच्चे खर्डे फाडून टाकू नका. खाडाखोड केलेली वही हाच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

चित्राचा मोबाइलवरून आलेला फोटो

ज्या शहरात आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांनी काम केले, त्या शहरात चित्रे चांगली येतात यात नवल नाही. नवल याचे वाटते की इतके कष्ट घेऊन काढलेले चित्र पाठवताना विद्यार्थी दोन मिनिटांचीही काळजी घेत नाहीत.

एका विद्यार्थिनीने गुऱ्हाळाचे जलरंगातले चित्र काढले होते. चुलवाणावर उसाचा रस उकळण्याची काहील होती, काठाशी गूळ करणारा गुळव्या उभा होता आणि त्याच्या कमरेपासून वरचा भाग वाफेत विरघळत गेला होता. ती वाफ तिने पांढरा रंग न लावता, कागद कोरा सोडून साधली होती आणि काहिलीच्या कडेला मळीचा हिरवट पट्टाही दाखवला होता. ते गुऱ्हाळ तिने जवळून पाहिलेले होते, हे चित्रच सांगत होते. मुखपृष्ठासाठी सर्वांनी एकमताने ते निवडले. मात्र आमच्याकडे होता तो मैत्रिणीने काढलेला आणि दोन ग्रुपमधून फिरून आलेला फोटो. तो खोलीतल्या दिव्याखाली फ्लॅश लावून, काचेच्या चौकटीतल्या चित्राचा काढला होता, त्यामुळे नेमकी वाफेच्या जागी फ्लॅशची चकाकी बसली होती. मूळ चित्र मागितले तर ते मामांना भेट दिलेले आणि मामा चित्रासह मुंबईला गेलेले. छपाईची तारीख ठरलेली असल्यामुळे थांबता आले नाही. शेवटी मुखपृष्ठावर दुसरे चित्र गेले आणि हे आतल्या पानावर, हाताच्या तळव्याएवढे, वाफेच्या जागी करड्या डागासह छापले गेले. अंक हातात पडल्यावर तिने ते पान उघडले आणि लगेच मिटले.

यामागचे गणित साधे आहे. चांगल्या छपाईसाठी चित्राच्या दर इंचाला ३०० ठिपके म्हणजे पिक्सेल लागतात. ए-फोर आकाराचे पूर्ण पान भरायचे तर चित्राची फाइल किमान २४८० बाय ३५०८ पिक्सेलची हवी आणि मुखपृष्ठ असेल तर कटाईसाठी चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जाऊन त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली येते, म्हणजे छापताना तो सव्वापाच इंचांच्या पुढे नीट जात नाही. मोबाइलच्या पडद्यावर तो उत्तम दिसतो आणि सगळी फसगत तिथेच होते. फाइल मोबाइलवरूनच पाठवायची असेल तर ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ई-मेलला जोडा, आणि ग्रुपवरून परत आलेली प्रत कधीही पुढे पाठवू नका.

ए-फोरपर्यंतचे चित्र असेल तर मी सरळ स्कॅन करून घ्यायला सांगतो. मोठ्या चित्राचा फोटोच काढावा लागतो. तो चौकटीत घालण्याआधी, फ्लॅश बंद ठेवून, सकाळी उघड्या व्हरांड्यात पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी काढावा आणि मोबाइल चित्राला समांतर धरावा, म्हणजे चित्राच्या कडा तिरक्या येत नाहीत. पेन्सिलीची रेखाटने कृष्णधवल पानांवर फिकी पडतात, म्हणून त्या पानांसाठी काळ्या शाईने, रेघा नसलेल्या पांढऱ्या कागदावर काम करा. पडद्यावरचे झगझगीत निळे आणि हिरवे रंग छपाईच्या चार शाईंत तसेच्या तसे उतरत नाहीत, हेही मनाची तयारी म्हणून आधीच माहीत असावे. राहता राहिला प्रश्न इंटरनेटवरचा रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसचा फोटो समोर ठेवून काढलेल्या चित्रांचा. तुम्ही रंकाळ्यापासून चालण्याच्या अंतरावर राहता. वही घेऊन तिथे जाऊन बसा.

टंकलेखन, शुद्धलेखन आणि फाइल

विद्यार्थी मोबाइलवर युनिकोडमध्ये टंकलेखन करतात, तर अंकाची जुळणी करणारे अनेक डीटीपी चालक आजही श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम करतात. एकातून दुसऱ्यात मजकूर जाताना रफार सरकतात, जोडाक्षरे तुटतात आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. मूळ मजकूर शुद्ध असेल तर मुद्रितशोधकाला या चुका लगेच ओळखू येतात, परंतु विद्यार्थ्याने स्वतःच ‘आशीर्वाद’ हा शब्द ‘आर्शिवाद’ असा लिहिलेला असेल तर कोणती चूक यंत्राची आणि कोणती लेखकाची हे शोधण्यातच संध्याकाळ जाते. म्हणून युनिकोडमधली वर्डची फाइल द्या आणि तिच्यासोबत छापील प्रतही द्या, म्हणजे शंका आली की ताडून पाहता येते. नुसती पीडीएफ देऊ नका, कारण तिच्यातून मराठी मजकूर उचलला की वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. वहीच्या पानाचे फोटो तर मुळीच देऊ नका. हाताने लिहिणार असाल तर कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून लिहा आणि झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये चौदा ठरले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. एवढे अठरा नियम पदवीच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला एका आठवड्यात वाचून होतात. त्यांतला एक जरी मनात ठसला तरी निम्मी लाल शाई वाचेल: शब्दाच्या शेवटी येणारा इकार आणि उकार दीर्घ लिहावा, म्हणजे ‘कवी’ आणि ‘गुरू’, पण हेच शब्द समासात आधी आले तर ऱ्हस्व, म्हणजे ‘कविसंमेलन’ आणि ‘गुरुदक्षिणा’.

मात्र शुद्धलेखनाच्या धाकाने बोली मारू नका. कागलच्या किंवा राधानगरीच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘होय, मी येत आहे’ असे वाक्य घातले की कथा तिथेच संपते. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त एकच माणूस एका पानावर ‘न्हाई’ आणि दुसऱ्या पानावर ‘नाही’ म्हणणार नाही एवढे पाहा. मी संवाद मोठ्याने वाचून घेतो, शक्यतो त्याच गावच्या मुलाकडून.

विषय आणि निवड

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आमच्याकडे पुरावरचे लेख मोठ्या संख्येने आले आणि त्यांतले बहुतेक ‘निसर्गापुढे माणूस हतबल आहे’ या वाक्याने सुरू होत होते. शिरोळ तालुक्यातल्या एका मुलाने मात्र फक्त आपल्या म्हशीबद्दल लिहिले होते. वडिलांनी रात्री दावे कापून तिला बाहेर काढले, उंचावरच्या गावात पाहुण्यांच्या गोठ्यात नेऊन बांधले आणि तिथे ती आईला सोडून कोणालाही पान्हा सोडत नव्हती. आई निवारा छावणीत होती. लेख दीड पानांचा होता आणि एक शब्दही न बदलता आम्ही तो अंकात पहिला घेतला. वर्तमानपत्रात आलेले पुन्हा लिहू नका. तुमच्या दारात घडलेले, तुम्हीच पाहिलेले लिहा.

कवितांची अख्खी वही देऊन ‘यातली कोणतीही घ्या’ असे म्हणणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. निवड हाही लेखनाचाच भाग आहे, त्यामुळे दोन किंवा तीन कविता स्वतः निवडून द्या. पानमर्यादा दिली असेल तर ती पाळा. शीर्षक द्या. शेवटी पूर्ण नाव, वर्ग, भाग आणि हजेरी क्रमांक लिहा, कारण निनावी आलेल्या चांगल्या कथेचा लेखक शोधत वर्गावर्गांतून फिरणे कोणालाही शक्य नसते. तोच मजकूर वर्तमानपत्राच्या पुरवणीलाही दिला असेल तर तसे स्पष्ट सांगा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता फाइल पाठवून ‘सर, मिळाली का?’ असे विचारू नका.

मुद्रित (प्रूफ) पाहायला बोलावले तर

निवड झाली म्हणजे काम संपले असे समजून बोलावूनही न येणारे आणि आल्यावर संपूर्ण कथा नव्याने लिहायला बसणारे, असे दोन्ही प्रकार मी पाहतो. मुद्रिताची वेळ ही जुळणीतल्या चुका दाखवण्याची असते. पाने लागलेली असतात, अंक सोळा पानांच्या फर्म्यांत छापला जातो, आणि तुमचा एक नवा परिच्छेद पुढच्या मुलाची कविता दुसऱ्या पानावर ढकलतो. त्यामुळे मूळ प्रत शेजारी ठेवून ओळीखाली पट्टी धरून वाचा, चुकलेले अक्षर खोडून दुरुस्ती समासात स्पष्ट लिहा, आपले नाव आणि वर्ग बरोबर छापले आहेत की नाही ते पाहा, सही करा आणि कागद त्याच दिवशी परत द्या.