तारखेला निघालात आणि गाडी बंद पडली तर

स्वतःची केस स्वतः लढवत असाल, तर तुम्ही पोहोचेपर्यंत वेळ मागून घ्यायला कोर्टात तुमचं कुणीच नसतं. म्हणून वाटेत गाडी बंद पडली, की बॉनेट उघडण्याआधी कोर्टाच्या कार्यालयात फोन लावा. केस नंबर, कोणत्या न्यायाधीशांपुढे तारीख आहे आणि साधारण किती वाजता पोहोचाल, एवढं सांगा. फोन कुणी घेतला, किती वाजता, ते लिहून ठेवा. समोरच्या वकिलांनाही कळवा. हे नंबर आदल्या रात्रीच फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत. रस्त्याच्या कडेला, हात थरथरत असताना, मोबाइलमध्ये काही सापडत नाही.

गाडी सुरक्षित जागी लावून मिळेल त्या वाहनाने निघा, दुरुस्तीचं नंतर बघता येईल. मूळ कागदपत्रं डिकीत राहिली नाहीत ना, हे मात्र उतरताना बघाच.

बंद गाडीचा फोटो आणि मेकॅनिकची पावती जपा. गैरहजेरीत एकतर्फी आदेश झालाच, तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला हा पुरावा जोडता येतो. त्या अर्जाला मुदत असते, तेव्हा उशीर झाला तरी त्याच दिवशी कोर्टात जाऊन काय आदेश झाला ते विचारा.